कोर्लईची संध्याकाळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘रोजच्या ख्रिस्ती आचरणातून आत्मिक वाढ’ या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी आधी नकारच दिला. मी काही धर्मोपदेशक नाही. अडतीस वर्षे टपाल खात्यात नोकरी केली, शिक्के मारले, मनिऑर्डरीचे पैसे मोजले आणि निवृत्त झालो. आत्मिक वाढ वगैरे शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत. मग वाटले, रेवदंड्याला असताना आपल्या बाबतीत एक गोष्ट घडली होती, ती सांगता येईल. तिला वाढ म्हणायचे की नाही ते ऐकणाऱ्यांनी ठरवावे.

१९९६ साली माझी बदली रायगड जिल्ह्यात रेवदंड्याला झाली. मी मूळचा नगरकडचा, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. जिराईत जमीन, दुष्काळ आणि मिशनची शाळा एवढ्यात आमचे बालपण गेले. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले. आम्ही त्या परंपरेतले प्रॉटेस्टंट. आमच्या उपासनेत टाळ आणि तबला असे, भजने ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली असत. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या रचना होत्या. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-कीर्तनाची गोडी मागे टाकली नाही. त्यामुळे शेजारच्या मारुतीच्या देवळातला हरिपाठ आणि आमचे भजन लांबून ऐकणाऱ्याला बरेचसे सारखे वाटे. माळ, मेणबत्ती, संतांच्या मूर्ती हे मात्र आमच्याकडे नव्हते. कॅथलिक लोकांविषयी आमच्या मनात थोडी अढीच होती म्हणा ना!

मुलांच्या शाळेसाठी कुटुंब पुण्यात ठेवले होते. मी एकटाच. रेवदंड्यात मनासारखी जागा मिळेना. शेवटी खाडीपलीकडे कोर्लईत एका घराच्या पडवीला लागून असलेली खोली मिळाली. घरमालकीण सत्तरीच्या आसपासची विधवा बाई. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या मला मास्तर म्हणत. पोस्टात काम करणारा प्रत्येक माणूस तिकडे मास्तरच असतो, मग तो साधा कारकून का असेना.

कोर्लई ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक डोंगर सरळ पाण्यात शिरला आहे. त्याच्या माथ्यावर किल्ला आहे, पायथ्याशी दीपगृह आहे आणि जमिनीच्या अंगाला गाव आहे. समोर रेवदंडा, त्याला लागून जुने चौल बंदर. पोर्तुगीज इथे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. कोर्लईचा किल्ला त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पुढच्या वर्षी चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले. रेवदंड्याच्या कोटातली त्यांची चर्चे आणि मठ ओस पडले. माडांच्या वाड्यांमधून त्यांच्या भिंती अजून उभ्या आहेत. पण कोर्लईतली साधी ख्रिस्ती माणसे तिथेच राहिली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही राहिली. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची ठेवण पुष्कळशी मराठीसारखी. जगभरातले भाषेचे अभ्यासक या एवढ्याशा गावात येऊन गेले आहेत. मावशी नातवंडांवर ओरडत त्या याच भाषेत. माझ्याशी मराठीत बोलत, आणि प्रार्थनाही मराठीत म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, कॅथलिक चर्चमधली लॅटिन मागे पडली आणि लोकांच्या भाषा आल्या, त्याचा हा परिणाम.

पोर्तुगीज सत्ता जाऊन अडीचशे वर्षे झाली. गावात मोठी पाठशाळा नव्हती, ग्रंथालय नव्हते. मग ही माणसे ख्रिस्ती कशी राहिली? मला वाटते, त्याचे उत्तर मला तिथल्या रोजच्या संध्याकाळी मिळाले. आणि तेच उत्तर खाडीच्या अलीकडेही आहे. रेवदंड्यात बेने इस्रायलांचे सिनेगॉग आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे हे ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांचे शास्त्र काय, संदेष्टे कोण, हे शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते. शनिवारी घाणा फिरत नाही एवढेच ठाऊक होते. त्यांच्या धर्माची पोथी हाताशी नसतानाच्या काळातही तो एक बंद घाणा त्यांना सांभाळून होता. मोठ्या गोष्टी पुष्कळदा अशा लहान खुंटीला टांगलेल्या असतात.

असो. कोर्लईच्या घरात संध्याकाळी सातच्या सुमारास मावशी हातपाय धुऊन यायच्या. वेदीपुढे, म्हणजे भिंतीतल्या लाकडी फळीपुढे, मेणबत्ती लावायच्या आणि सगळ्यांना हाक मारायच्या. मुलगा, सून, नातवंडे, कधी शेजारच्या दोन बायका. जमिनीवर चटई. मग रोजरीची माळ सुरू व्हायची. पहिले चार-सहा दिवस मी खोलीत कंदिलाच्या उजेडात वर्तमानपत्र वाचण्याचे नाटक केले. (वीज त्या वेळेला हमखास जायची.) एके दिवशी मावशी दारात येऊन म्हणाल्या, “मास्तर, एकटे काय बसलाय? आम्ही काय परके आहोत?” मी म्हणालो, “मावशी, आमच्यात माळ नाही.” त्या म्हणाल्या, “मग नुसते बसा. चटई आहे ना.”

मी बसलो. मरियेची प्रार्थना सुरू असताना मी गप्प राही. ती आमच्या वळणातली नव्हती. पण प्रत्येक दहा मण्यांच्या आधी प्रभू येशूने शिकवलेली प्रार्थना येते, ती तर आमच्या आईने आम्हाला बोलायला लागल्यापासून शिकवलेली. ती मी म्हणू लागलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पाच दशकांच्या माळेत मरियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा येते आणि प्रभूची प्रार्थना सहा वेळा. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा, कारण माझी अडचण तिथेच होती.

त्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली की लगेच पुढे क्षमा मागायची असते. पण नुसती मागून भागत नाही. आम्ही इतरांना जशी क्षमा केली तशी तू आम्हाला कर, असा तिचा आशय आहे. म्हणजे मापे आपणच द्यायची. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, तिथे पाप हा शब्दच नाही. ‘ऋण’ असा शब्द आहे. लूकच्या अकराव्या अध्यायात पापाचा उल्लेख येतो, पण मत्तय देण्याघेण्याची भाषा बोलतो. मत्तय स्वतः जकातीच्या नाक्यावर बसणारा होता, असे त्याच शुभवर्तमानात आहे. मीही आयुष्यभर खिडकीमागे बसून पैसे मोजलेले. मला ऋण हा शब्द पापापेक्षा लवकर कळतो.

माझे येणे होते माझ्या दादाकडून. आमच्या वडिलांचे गावी दोन खोल्यांचे घर आणि चार एकर जमीन. वडील १९८६ साली वारले. दिवसकार्य झाल्यावर मला कळले, की आजारपणात त्यांनी घर दादाच्या नावावर करून दिले आहे. मला विचारले नव्हते, कळवलेही नव्हते. मी तेव्हा नोकरीला लागून सात वर्षे झाली होती, पगार नियमित होता, घराची मला तशी गरज नव्हती. पण गरज आणि हक्क यांत फरक असतो, असे मी बायकोला शंभरदा सांगितले असेल. वडिलांच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांचे हागणेमुतणे दादाने आणि वहिनींनी काढले, हे मात्र मी सांगत नसे. मी गावाला जायचे सोडले. पुतणीच्या लग्नाची पत्रिका टपालाने आली. दिवसभर लोकांची पत्रे हाताळणाऱ्या माणसाने ती उत्तर न देता कपाटात टाकली. बारा वर्षे मी दादाला एक कार्ड लिहिले नाही. खात्यात काम करणाऱ्याला पत्र न लिहिण्याची सबब सापडणे कठीण असते, पण मला ती सापडत होती.

तर त्या चटईवर, ते वाक्य आले की माझा आवाज बंद व्हायचा. ठरवून नाही. घशात यायचेच नाही. नगरला रविवारी गर्दीत ते एकदा म्हणून निघून जाता येत होते. इथे रोज सहा वेळा! आणि चटईवर माणसे जेमतेम सात-आठ. कोण कुठे थांबतो ते ऐकू येते.

मावशींनी बरेच महिने काही म्हटले नाही. १६ जुलैला माउंट कार्मेलच्या मातेचा सण ऐन पावसात झाला; गावचे चर्च तिच्याच नावाचे. पाऊस संपला, भाताची कापणी झाली, नाताळ झाला. मग एका संध्याकाळी मेणबत्ती विझवताना त्या म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही रोज एकाच जागी अडता.” मी म्हणालो, “हो.” त्या म्हणाल्या, “येत नसेल तर नका म्हणू. खोटे कशाला म्हणायचे? पण म्हणता येत नाही म्हणून उठून जाऊ नका.” एवढेच बोलून त्या भांडी घासायला गेल्या. कोण, काय, कशासाठी, काही विचारले नाही. मी आजवर पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. या दोन वाक्यांइतके उपयोगी काही ऐकल्याचे मला आठवत नाही.

१९९८ साली राखेचा बुधवार २५ फेब्रुवारीला आला. या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राख लावतात आणि माणूस मातीचा आहे याची आठवण देतात. ही राख कुठून येते हे मला तिथे समजले. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ज्याला आपल्याकडे झावळ्यांचा रविवार म्हणतात, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक घरी नेतात, क्रूसामागे खोचून ठेवतात. वर्षभराने वाळलेल्या त्या झावळ्या चर्चमध्ये परत आणायच्या आणि जाळायच्या. गेल्या वर्षीचा जयजयकार यंदा कपाळावर राख होऊन लागतो. मला ही व्यवस्था फार आवडली.

तिथून पुढे रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. प्रत्येकाने काहीतरी सोडायचे. शुक्रवारी मांस वर्ज्य असते. पण कोर्लईसारख्या ठिकाणी मटण सोडले म्हणून कोणाचे काय अडते? खरे खाणे मासळीचे, आणि मासळीला बंदी नाही. मावशी म्हणत, “देवाला फसवायचे असेल तर सोपे आहे.” त्या चाळीस दिवस मासळीच सोडीत. आणि तिचे जे पैसे वाचत ते बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकीत. ईस्टरच्या आधी डबा चर्चमध्ये जाई आणि तिथून ज्याची चूल पेटत नाही त्याच्याकडे. उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, असे यशया संदेष्टा अठ्ठावन्नाव्या अध्यायात सांगतो. मावशींनी यशया वाचला नव्हता. त्यांना अक्षरओळख सहीपुरती होती.

त्यांचे पाहून मी चहा सोडला. आठ दिवसांत माझे डोके उठले, खिडकीवर येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांवर मी खेकसू लागलो. कोणीतरी मावशींच्या कानावर घातले. त्या सकाळी कपभर चहा घेऊन खोलीत आल्या. “हा घ्या. चहाने तुमचे काय वाकडे केले होते? चहा सोडला आणि माणसांना धरले. उलटे करा.”

आमच्यात थोडे हसणे झाले. पण दिवसभर शिक्के मारताना ते शब्द डोक्यात राहिले. सोडायला खरोखर जड असे माझ्याकडे काय आहे? चहा नव्हे, हे उघड होते. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर मी घराचा तो सगळा प्रसंग पहिल्यापासून स्वतःला सांगत असे. वडिलांची खाट, तलाठ्याचा कागद, दादाचे खाली घातलेले डोळे. बारा वर्षांत ही गोष्ट माझी तोंडपाठ झाली होती. खरे तर माझी रोजची प्रार्थना तीच होती. चटईवरची नव्हे.

माळ संपली की मावशी नावे घेत. मुंबईला कामाला असलेला धाकटा मुलगा. आखातात गेलेला भाचा. गावातला आजारी माणूस. पलीकडच्या आळीतला एक कोळी, ज्याची होडी फुटली होती. तो ख्रिस्ती नव्हता, पण त्याचे नाव रोज असे. गेलेले नवरे, सासरे, वाचलेली आणि न वाचलेली मुले. मग प्रत्येकाला विचारीत, “तुमचे कोण?” मी बायकोचे आणि मुलांचे नाव सांगत असे. त्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, “अजून?” मी म्हणालो, “माझा दादा. नगरला आहे.” “आजारी आहे?” “नाही.” त्यांनी पुढे काही न विचारता म्हटले, “नगरचा दादा.” आणि सगळ्यांनी क्रूसाची खूण केली.

आता इथे मला सांगता आले असते, की माझे मन भरून आले, डोळ्यांत पाणी आले. तसे काही झाले नाही. तोंडाने नाव गेले, आत शिव्याच होत्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पण एक झाले. रोज संध्याकाळी दादाचे नाव एकदा तरी त्या गोष्टीशिवाय घेतले जाऊ लागले. नुसते नाव. पुढे वडिलांची खाट नाही, तलाठी नाही. बारा वर्षांत ते असे एकटे कधी आलेच नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी, सायकलवरून पूल ओलांडताना, मला एकदम खडी फोडण्याचा आवाज आठवला. १९७२ चा दुष्काळ. मी पंधरा वर्षांचा, दादा अठरा. त्याचे अकरावीचे वर्ष. त्याने शाळा सोडली आणि दुष्काळी कामावर गेला. मी शाळेतच राहिलो. दोघांपैकी एकालाच शिकवणे शक्य होते, आणि कोणी शिकायचे ते दादाने ठरवले. मी पुढे मॅट्रिक झालो, नोकरीला लागलो, पगार खाल्ला, तो त्या खडीवर. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण माझ्या गोष्टीत त्याला जागा नव्हती, म्हणून ते बाहेर उभे होते. पुलावर मी सायकलवरून उतरलो. खाली ओहोटी लागलेली होती, होड्या चिखलात कलंडलेल्या होत्या. देणेकरी नक्की कोण, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला.

मावशींकडे येणाऱ्या एका फादरांनी मला त्या सुमारास एका माणसाविषयी सांगितले. सतराव्या शतकातला फ्रान्समधला निकोला हेर्मान. सैनिक होता, जखमी झाला, पुढे १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. त्याला मठाच्या स्वयंपाकघरात घातले. ते काम त्याला मनापासून नको होते. पण कितीतरी वर्षे त्याने तेच केले, म्हातारपणी चपला दुरुस्त केल्या, आणि देवाशी बोलायचे ते तव्याजवळ बसूनच. १६९१ मध्ये तो वारला; त्याची पत्रे आणि संभाषणे लोकांनी नंतर छापली आणि ती आजही वाचली जातात. फादर म्हणाले, “प्रार्थना चांगली झाली की नाही हे त्या वेळच्या वाटण्यावरून ओळखू नका.” मला हे पटले. टपालातही तसेच आहे. पत्र पेटीत टाकताना हात थरथरला काय किंवा न थरथरला काय, ते पोचते.

त्या वर्षी ईस्टर १२ एप्रिलला होता. आधीच्या गुरुवारी, ९ तारखेला, चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी झाला. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. फादर गुडघ्यांवर बसून बारा जणांचे पाय धूत होते. त्यांत भाजीच्या वाडीत राबणारा एक म्हातारा होता. टाचांना भेगा, त्यात माती. पाणी घातले तरी ती निघेना. म्हातारा ओशाळून पाय मागे घेत होता आणि फादर धरून ठेवत होते. मी तिथेच उठलो नाही, शेवटपर्यंत बसलो. घरी येऊन आंतर्देशीय पत्र काढले.

तीन पत्रे फाडली. पहिल्यात मी क्षमा करतो असे लिहिले होते; ते वाचून माझीच मला लाज वाटली. दुसऱ्यात घराचा विषय आला. तिसऱ्यात वडिलांचा. चौथ्यात चार ओळी होत्या. तीर्थरूप दादांस सलाम, मी कोर्लईला असतो, इथे समुद्र आहे, मुले मोठी झाली आहेत, तुझी आठवण येते. खडीचा विषय लिहावासा वाटला, पण लिहिता आला नाही. शुक्रवारी सुट्टी होती. शनिवारी सकाळी पत्र पेटीतून निघाले तेव्हा त्यावरचा शिक्का मीच मारला, आणि जरा जोरातच मारला असावा, कारण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने वर पाहिले.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. दादाचे अक्षर बदलले नव्हते. आत पाठीपोट दाट लिहिलेले. सगळी माझ्याविरुद्धची तक्रार! लग्नाला आला नाहीस, वहिनीच्या ऑपरेशनला आला नाहीस, आईच्या कबरीवरचा दगड मी एकट्याने बसवला, वडील रात्री तुझेच नाव घ्यायचे आणि ऐकायला मी बसायचो. एक ना दोन. म्हणजे बारा वर्षे मी एका बाजूने खाते लिहीत होतो तेव्हा तिकडे दुसरे खाते लिहिले जात होते, आणि दोघेही रोज तीच प्रार्थना म्हणत होतो. शेवटी, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात, एक ओळ होती: मे महिन्यात मुलांना घेऊन ये, यंदा आंबा बरा आहे.

गेलो. स्टँडवर दादा सायकल घेऊन उभा होता. केस पांढरे झालेले. आम्ही गळ्यात वगैरे पडलो नाही. त्याने बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि मुलांना विचारले, “बसमध्ये ओकलात का?” रात्री जेवणाआधी वडिलांच्याच घाईने प्रार्थना झाली. त्या वाक्यावर कोणी थांबले नाही. मीही थांबलो नाही.

घर त्याच्याच नावावर राहिले. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही; आता तिथे पुतण्या राहतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती जुनी गोष्ट अजूनही कधीकधी पहाटे तीन वाजता जागी होते. तलाठ्याचा कागद, सगळे जसेच्या तसे. फरक इतकाच, की आता ती पूर्ण सांगून होण्याआधी मला खडीचा आवाज येतो. २०१९ मध्ये दादा आजारी पडला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. शेवटचे अठरा दिवस मी त्याच्याजवळ होतो. वडिलांचे जे मी केले नव्हते ते त्याचे केले. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही राहू द्या.” मी म्हटले, “मला करू दे.”

कोर्लईहून माझी बदली २००१ मध्येच झाली होती. मावशी त्यानंतर आठ वर्षांनी गेल्या. मातीला मला पोचता आले नाही. पुढे २०२२ साली, १६ जुलैच्या सणाला, मी मुद्दाम गेलो. पाऊस कोसळत होता. घराला आता सिमेंटची गच्ची आहे, पडवीच्या जागी मोटारसायकल उभी असते. पण फळी तीच, आणि सातच्या सुमाराला चटई अंथरली गेली. मावशींच्या सुनेचे केस आता मावशींसारखेच पांढरे झाले होते. माळ झाली. मग तिने नावे घ्यायला सुरुवात केली. ओळखीची, अनोळखी, जिवंत, गेलेली. मध्येच ती म्हणाली, “नगरचा दादा.” आणि पुढे गेली.

मेणबत्ती विझल्यावर मी तिला विचारले, “हे नगरचे दादा कोण, ठाऊक आहे का?” ती म्हणाली, “नाही हो. सासूबाई घ्यायच्या म्हणून मी घेते. त्यांची नावे मी एकही गाळलेली नाही.”

मी तिला सांगितले, की दादाला जाऊन तीन वर्षे झाली, उद्यापासून त्याचे नाव गेलेल्यांमध्ये घ्या. ती म्हणाली, “बरे झाले सांगितलेत,” आणि चटई गुंडाळायला वाकली.